जादूगारांच्या जुन्या मंडळात शिरायचं का? नक्की काय मिळतं तिथे?

शिकाऊ_हात:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण आधीचं सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

मी साडेतीन वर्षं हातचलाखी शिकतोय. मुख्यतः पत्ते, थोडी नाणी. शिक्षण सगळं व्हिडिओ बघून आणि चार-पाच पुस्तकांतून. रोज रात्री दीड तास तरी आरशासमोर बसतो, मग फोनवर रेकॉर्ड करून स्वतःचंच परत बघतो. डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं) बरी होते, पास (कॅटचे वरचे-खालचे भाग गुपचूप बदलणं) अजून कच्चा आहे, नाणं क्लासिक पाममध्ये, म्हणजे तळव्यात लपवून, धरून त्याच हाताने दरवाजा उघडणं, फोन उचलणं असली कामं करायची सवय लावून घेतलीये. मित्र आणि घरचे बघतात आणि खूश होतात.

पण मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांकडे वीस मिनिटं केलं, तेव्हा पहिल्या रांगेतली सहा-सात वर्षांची मुलगी आईला हळूच म्हणाली, "काकांच्या त्या हातात काहीतरी आहे." नाणं दिसलं नव्हतं हो! रेकॉर्डिंग दहा वेळा बघितलं, थांबवून थांबवून बघितलं, कुठेही फ्लॅश नाही, म्हणजे लपवलेलं क्षणभरही उघडं पडत नाही. मग तिला कळलं कसं? तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय आणि आरसा मला उत्तर देत नाहीये.

तर मुद्दा असा की माझ्या ओळखीतून जादूगारांच्या एका मंडळाबद्दल कळलंय, खूप जुनं आहे, कित्येक दशकं चालू. महिन्यातून एकदा भेटतात. आत जायला दोन सदस्यांची शिफारस, मग मुलाखत, मग त्यांच्यासमोर छोटा प्रयोग करून दाखवायचा, आणि गुपितं बाहेर न सांगण्याचं वचन द्यायचं. माझा एक मित्र म्हणतो की आता प्रत्येक गोष्ट नेटवर मिळते, उगाच परीक्षा कशाला देतोस. मला तो पूर्ण चूक वाटत नाही आणि पूर्ण बरोबरही वाटत नाही. जे लोक अशा मंडळात आहेत किंवा होते त्यांनी सांगा, तिथे असं काय मिळतं जे एकट्याने शिकून मिळत नाही? आणि मुलीचं कोडं कुणाला सुटत असेल तर तेही सांगा.

पडद्यामागचा:

मी एका जुन्या मंडळात २६ वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ती मुलगी. तिला नाणं दिसलं नाही, तिला तुमचा हात दिसला. नाणं लपवलेला हात मेल्यासारखा होतो. बोटं एकमेकांना चिकटतात, अंगठा तळव्याकडे ओढला जातो आणि मनगट ताठ राहतं. मोठी माणसं तुमच्या बोलण्याकडे बघतात, मुलं बोलणं ऐकत नाहीत, ती सरळ बघतात. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही नाणं शोधताय म्हणून तुम्हाला ते कळत नाही. तुम्ही "दिसलं का" एवढंच तपासताय, "संशय आला का" हे तपासणारं माणूस खोलीत नाहीये.

माझी पहिली बैठक सांगतो. मी सुद्धा नाण्याचंच केलं होतं आणि मला वाटलं होतं उत्तम झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संपल्यावर एक वयस्कर सदस्य शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "परत कर." केलं. "परत." असं चार वेळा, आणि मला लक्षात आलं की ते माझ्या हाताकडे बघतच नव्हते, छातीकडे बघत होते. मग म्हणाले, "नाणं घेतानाच्या क्षणाला तू श्वास धरतोस. समोरच्याला का ते कळत नाही पण तोही श्वास धरतो, आणि मग तो जागा होतो." हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं असतं? व्हिडिओ माझ्याकडे बघू शकत नाही. त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या त्याच हातात दिलं आणि सांगितलं की घरी जाईपर्यंत हे असंच धरून ठेव आणि गप्पा मार. दोन तासांत हात सैल पडला. मग पेन काढून घेतलं आणि म्हणाले, "आता रिकामा हात कसा पडलाय बघ. हा लक्षात ठेव. लपवायचं नंतर शिक, आधी रिकामा हात शिक."

आता महत्त्वाचं. हे त्यांचं स्वतःचं नव्हतं, त्यांना ते त्यांच्या गुरूंनी सांगितलेलं, त्यांना आणखी कुणी. मागे मागे जात राहिलं की डाय व्हर्नन या माणसापाशी पोचायला होतं. जन्म १८९४, गेला १९९२, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हा माणूस पत्त्यांमध्ये होता आणि आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला, सहज रहा. १९२२ मध्ये शिकागोत जादूगारांच्या मेजवानीत याने हुडिनीला, तेव्हाच्या सगळ्यात प्रसिद्ध जादूगाराला, चकवलं होतं. हुडिनीचा दावा होता की कुठलीही युक्ती तीनदा दाखवा, मी ओळखतो. व्हर्ननने एकच युक्ती परत परत दाखवली आणि हुडिनीला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. ही गोष्ट सगळे सांगतात, पण मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे जागा कुठली होती. तिथे जमलेले सगळे जादूगारच होते. एक तरुण पोरगा सगळ्यात मोठ्या नावासमोर जाऊन बसू शकला कारण दोघं एकाच खोलीत येतील अशी व्यवस्था कुणीतरी वीस वर्षं आधी करून ठेवली होती. अमेरिकन जादूगारांची संस्था १९०२ मध्ये न्यूयॉर्कला जादूच्या साहित्याच्या दुकानात, मार्टिन्का बंधूंच्या, मागच्या बाजूला सुरू झाली होती.

हाच व्हर्नन म्हातारपणी हॉलिवुडच्या मॅजिक कॅसल या जादूगारांच्या क्लबमध्ये, जो १९६३ मध्ये सुरू झाला, रोज रात्री एका कोचावर बसायचा आणि कुणीही येऊन त्याला दाखवायचं. पर्सी डायकोनिस हा चौदाव्या वर्षी घर सोडून व्हर्ननबरोबर फिरायला गेला, पुढे मोठा गणिती झाला, आणि १९९२ मध्ये डेव्ह बेयरबरोबर त्याने सिद्ध केलं की पत्त्यांचा कॅट नीट मिसळायला साधारण सात रिफल शफल (कॅटचे दोन भाग करून कडा फडफडवत एकमेकांत मिसळणं) लागतात. एका मुलाच्या हातात कॅट होता आणि शेजारी म्हातारा होता, तिथून ते आलंय.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, तिथे युक्त्या मिळत नाहीत, युक्त्या खरंच नेटवर आहेत. तिथे तुमच्याकडे बघणारे डोळे मिळतात, आणि ते डोळे तुमच्या आधी पाचशे जणांना चुकताना बघून आलेले असतात.

चौकट_राणी:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक बाजू राहिलीये ती मी लिहिते, कारण मी ती सोसलीये.

जुनं म्हटलं की सगळंच चांगलं असं नसतं. लंडनचं मॅजिक सर्कल हे जादूगारांचं मंडळ १९०५ मध्ये सुरू झालं आणि १९९१ पर्यंत त्यात बायकांना प्रवेशच नव्हता. शहाऐंशी वर्षं! सोफी लॉइड नावाच्या बाईने पुरुषाचा वेश घेतला, रेमंड लॉइड असं नाव लावलं, परीक्षा दिली, पास झाली आणि सदस्य झाली. हातमोजे घालून पत्ते केले म्हणे, म्हणजे बाईचे हात दिसू नयेत. हातमोजे घालून पत्ते करून बघा एकदा, मग कळेल ती किती तयारीची होती. त्याच वर्षी बायकांना दार उघडलं, तिने खरं सांगितलं, आणि फसवलं म्हणून तिलाच काढून टाकलं. २०२५ मध्ये माफी मागून तिला परत घेतलं. हे वाचलं तेव्हा मी रडले होते, खोटं नाही सांगत.

पण तरीही मी शिकाऊ_हात यांना जा असंच म्हणेन. का ते सांगते. हातचलाखीची जवळजवळ सगळी पुस्तकं पुरुषाच्या कोटासाठी लिहिलेली आहेत. डावा खिसा, उजवा खिसा, आतला खिसा, बाही, नाणं खिशात टाका, पत्ता आतल्या खिशातून काढा. माझ्या कपड्यांना खिसेच नाहीत! मी दोन वर्षं एकटीच झगडत होते, शेवटी पुरुषी जॅकेट घालून करायचे आणि त्यात मी मीच वाटायचे नाही. मंडळात गेले तेव्हा तिथे अजून एकच बाई होत्या, माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या कुर्त्याची शिवण उलटी करून दाखवली, कुठे कप्पा शिवायचा, किती खोल, तोंड किती तिरकं म्हणजे हात नुसता खाली सोडला की बोटं आपोआप आत जातील, कुठलं कापड आवाज करतं, कुठलं नाणं धरून ठेवतं. चाळीस वर्षांत स्वतः शोधलेलं, कुठेही न छापलेलं. मला म्हणाल्या, "तू हे पुढच्या मुलीला दाखव." त्या आता नाहीत. मी आत्तापर्यंत तीन मुलींना दाखवलंय.

शिरायच्या आधी मात्र एक बैठक पाहुणे म्हणून बघा. नवीन माणसाशी कोण बोलतं आणि कोण बोलत नाही हे बघा, तेवढ्यावरून समजतं.

एकटा_टोक:

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितोय, कुणाला दुखवायचं नाही.

मी एका मंडळात दोन वर्षं होतो, नाव घेणार नाही. पहिले सहा महिने स्वर्ग वाटला. नंतर लक्षात आलं की आम्ही सगळे एकमेकांनाच दाखवतोय. दर महिन्याला काहीतरी नवीन न्यायचं, समोरचे जाणकार, त्यांना चकवायचं, मग युक्ती अवघड होत जाते, लांबत जाते आणि साध्या माणसाला त्यात मजाच उरत नाही. मी एका हॉस्पिटलमध्ये मुलांसमोर मंडळात गाजलेली युक्ती केली आणि दोन मिनिटांत मुलं खिडकीबाहेर बघायला लागली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी साधी दोरीची युक्ती काढली, जी मंडळात करायला मला लाज वाटायची, आणि मुलं पलंगावर उभी राहिली.

गुपिताबद्दलही माझं मत आहे. मॅजिक सर्कलचे पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट, त्यांच्या काळातले सर्वात मोठे, त्यांनाच स्वतःच्या युक्त्या छापल्या म्हणून सदस्यत्व गमवावं लागलं होतं, नंतर परत घेतलं. स्वतःच्या! ज्याने शोध लावला त्यालाच सांगायची बंदी हे मला पटत नाही.

मी आता कुठल्याच मंडळात नाही. पण पडद्यामागचा यांनी लिहिलेलं श्वासाचं वाचलं आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझ्याकडे असं बघणारं आता कुणी नाही, आणि ते मला जाणवतं. तेव्हा शिकाऊ_हात, जायचं तर जा, पण जेवढ्या वेळा त्यांच्यासमोर कराल त्याच्या दहापट साध्या लोकांसमोर करा.

पडद्यामागचा:

एकटा_टोक, तुमचा पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे हे ओळखून दोन जणांना ठरवून "प्रेक्षक" बसवतात, त्यांनी पद्धतीबद्दल एक शब्द बोलायचा नाही, फक्त कुठे कंटाळा आला ते सांगायचं. सगळीकडे असं करत नाहीत हे खरं.

गुपिताबद्दल मात्र असहमत. डेव्हंटच्या बाबतीत मंडळाचं चुकलं असं मलाही वाटतं. पण वचनामुळेच त्या बाईंनी कुर्त्याची शिवण उलटी करून दाखवली ना? समोरची मुलगी उद्या त्याचा व्हिडिओ टाकणार नाही ही खात्री होती म्हणून दाखवली. गुपित पाळणाऱ्यांमध्येच मोकळेपणाने बोलता येतं.

तारा_आणि_सापळे:

मी स्टेजवरचे मोठे प्रयोग करणाऱ्यांबरोबर काम करतो, पेट्या, तारा, सापळे, सुटकेचे प्रकार. पत्त्यांवाले लोक ज्या गोष्टीचा विचार करत नाहीत ती सांगतो. आमच्याकडे चुकलं तर माणूस मरतो.

चुंग लिंग सू या नावाने चिनी वेश करून प्रयोग करणारा विल्यम रॉबिन्सन, मूळचा अमेरिकन, २३ मार्च १९१८ ला लंडनमध्ये गोळी झेलण्याचा प्रयोग करत होता. बंदूक वर्षानुवर्षं वापरून आतून झिजलेली, जी नळी पेटायला नको ती पेटली, खरी गोळी छातीत. दुसऱ्या दिवशी गेला. मोठ्या तयारीचा माणूस, आयुष्य स्टेजमागे घालवलेलं.

आता याच्या पुढचं. हुडिनीच्या मनात हा प्रयोग करायचं होतं. त्याला हॅरी केलरने पत्र लिहिलं. केलर म्हणजे अमेरिकेतला आधीच्या पिढीचा सगळ्यात मोठा जादूगार, आणि रॉबिन्सन तरुणपणी त्याच्याकडेच मदतनीस होता, म्हणजे केलरने आपलाच माणूस गेलेला बघितला होता. त्याने हुडिनीला अक्षरशः विनवणी केली की हा प्रयोग करू नकोस, तुझी आम्हाला गरज आहे. आणि हुडिनीने, जो कुणाचं ऐकत नाही म्हणून प्रसिद्ध होता, त्याने ऐकलं. हा प्रयोग केला नाही.

का ऐकलं? माझं मत असं की आदल्या वर्षीची एक गोष्ट त्याच्या मागे आहे. १९१७ मध्ये, हुडिनी त्या वर्षी अमेरिकन संस्थेचा अध्यक्ष झाला होता आणि मरेपर्यंत राहिला, टॉर्पेडो लागून बुडालेल्या ॲन्टिलीस जहाजावरच्या लोकांच्या कुटुंबांसाठी न्यूयॉर्कच्या हिपोड्रोममध्ये मदतीचा प्रयोग ठेवला. केलर १९०८ मध्येच आपला वारसा थर्स्टन या जादूगाराकडे सोपवून निवृत्त झालेला, तो त्या एका रात्रीसाठी स्टेजवर आला. प्रयोग संपवून तो निघाला तर हुडिनीने त्याला थांबवलं, म्हणाला की अमेरिकेच्या सर्वश्रेष्ठ जादूगाराने शेवटच्या प्रयोगानंतर असं चालत जायचं नसतं. खुर्चीची पालखी आणली, त्यात बसवलं, वरून फुलं टाकली, हजारो लोक उभे राहिले आणि ऑर्केस्ट्राच्या सुरात त्याला खांद्यावरून नेलं. अशा माणसाने नंतर पत्र लिहून नको म्हटलं तर कोण ऐकणार नाही?

मी स्वतः सात वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीतला एक प्रकार ठरवला होता, चित्रं काढून झाली होती, कारागीर ठरला होता. मंडळात दाखवलं. एक सदस्य चष्मा लावून दहा मिनिटं चित्र बघत बसले आणि फक्त एवढंच विचारलं, "झाकणाची कडी आतून ओली झाल्यावर फुगणार नाही ना? लाकडी पट्टी आहे ना ही?" मी गप्प झालो. मी सगळ्या चाचण्या कोरड्या केल्या होत्या. मग म्हणाले की बाहेर कुऱ्हाड घेऊन कोण उभं राहणार, त्याचं नाव सांग, तो किती वेळा पाण्यासकट सराव करून आलाय तेही सांग. नाव नव्हतं माझ्याकडे. तो प्रयोग मी केला नाही. आज बायको-मुलांबरोबर घरी आहे.

हुडिनी १९२६ मध्ये गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला संस्थेच्या लोकांनी त्याच्या शवपेटीवर कांडी मोडली. ती प्रथा तेव्हापासून आहे. जादूगार गेला की त्याची कांडी मोडतात, म्हणजे आता ती फक्त लाकडाचा तुकडा राहिली. मी तीन वेळा हजर होतो. कट्कन आवाज येतो, लहानसा, आणि खोलीत कुणीही हलत नाही. त्यातला एक आवाज त्या चष्मेवाल्यांच्या कांडीचा होता.

शिकाऊ_हात:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं सगळं, शेवटचा प्रतिसाद तीनदा.

पेन धरून बघितलं काल. पाऊण तास झाल्यावर खरंच हात सुटला, आणि मग नाणं घेतलं तर लगेच अंगठा आत ओढला गेला, इतकी वर्षं मला हे दिसलंच नव्हतं. मुलीला दिसलं.

मी पुढच्या बैठकीला पाहुणा म्हणून जातोय, ओळखीच्या गृहस्थांशी बोललो, ते शिफारस देतो म्हणाले पण आधी येऊन बस म्हणाले. एकटा_टोक, तुमचं दहापटीचं लक्षात ठेवतो, हॉस्पिटलवाली गोष्ट मनाला लागली. एक विचारायचं राहिलं, पहिल्या वेळी कुणी "काहीतरी दाखव" म्हटलंच तर काय करावं? माझ्याकडे अवघड अशी दोन रुटीन आहेत पण ती अजून दहा-बारा वेळाच केलीत.

पडद्यामागचा:

अवघड नको. जे शंभर वेळा केलंय ते एकच करा, दोन मिनिटांचं. आणि झाल्यावर जो टाळी न वाजवता खुर्ची ओढून जवळ येईल, त्याच्यासाठी परत करा, तो म्हणेल तितक्या वेळा.

चौकट_राणी:

आणि बैठक झाली की इथे येऊन लिहा नक्की. गुपितं सोडून बाकी सगळं.